ताजे गोंदण आणि घाटाखालचे पाणी

गेल्या उन्हाळ्यापासून वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हापुन्हा येतो. हातावर राजमुद्रा गोंदवून घेतलेला चिखलीचा तरुण विचारतो की तिच्यावर गुंडाळलेले प्लास्टिक किती दिवस ठेवावे. संग्रामपूर तालुक्यातल्या एक भगिनी विचारतात की मुलाच्या दंडावर आजीने हळद थापली आहे, ती धुऊन टाकावी की राहू द्यावी. आणि मलकापुरातले एक गृहस्थ काहीशा रागाने लिहितात की गोंदणाऱ्याने एक सांगितले, मेडिकलवाल्याने दुसरे, आणि मोबाईलवरच्या चित्रफितीत तिसरेच, तर ऐकावे कोणाचे? या सर्वांना मिळून एकच उत्तर द्यावे या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आपल्या मुलखाला गोंदण नवे नाही. माझ्या आजीच्या मनगटावर तुळशीवृंदावन होते आणि हनुवटीवर तीन ठिपके; गोंदताना काळे असलेले ते रंग म्हातारपणी निळसर हिरवे झाले होते, आणि मेल्यावर एवढा एकच दागिना बरोबर येतो असे ती अभिमानाने सांगे. तिच्या काळच्या गोंदणारणीच्या हाती चार सुया व काजळी असे. आजच्या यंत्राची सुई मिनिटाला हजारो वेळा खालीवर होते आणि तळहाताएवढ्या आकृतीसाठी त्वचेला असंख्य छिद्रे पाडते. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाऊन बसते, आणि तिच्यावरचा थर फाटलेला, ओला व उघडा राहतो. म्हणून निदान तीन आठवडे आपल्या अंगावर आहे ती जखम आहे, अलंकार नव्हे, हे एकदा मनाशी पक्के केले म्हणजे पुढील बहुतेक शंका आपोआप मिटतात.

सुई लावण्यापूर्वी

जपणुकीचा निम्मा भाग गोंदवून घेण्यापूर्वीच उरकतो, हे कोणी सांगत नाही. पुढील गोष्टींची खातरजमा खुर्चीवर बसण्याआधी करावी. नंतर विचारण्यात अर्थ नाही.

- सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले पाहिजे. आधीच यंत्रात बसवून ठेवलेली सुई, मग ती कितीही स्वच्छ दिसो, नाकारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.
- शाई लहान टोपणात ओतून घेतली पाहिजे आणि काम संपताच उरलेली फेकली पाहिजे. बाटलीवरील नाव, तुकडी क्रमांक व मुदत यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे.
- शाई पातळ करण्यास नळाचे अथवा बाटलीतले पिण्याचे पाणी वापरू देऊ नये. २०११ साली अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात, कारखान्यातच, बहुधा पातळ करण्याच्या पाण्यातून, दूषित झालेल्या करड्या शाईमुळे १९ जणांना चिवट त्वचारोग जडला होता. सुई निर्जंतुक असून उपयोग झाला नाही.
- मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, कोड, सोरायसिस, अथवा जुन्या जखमांचे व्रण फुगून वर येण्याची प्रकृती असल्यास प्रथम डॉक्टरांस विचारावे. छाती व खांदे या जागी असे व्रण विशेष उठतात. गरोदर स्त्रियांनी हा विचार तूर्त लांबणीवर टाकावा.

जत्रेच्या पालात, कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, एका ओंडक्यावर बसवून पाच मिनिटांत नाव गोंदून देणाऱ्याकडे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळण्याची आशा नसते. जत्रेचा आनंद अवश्य घ्यावा. नाव घरी येऊन मग गोंदवावे.

ऋतूही पाहावा. माझे स्पष्ट मत असे की आपल्या जिल्ह्यात गोंदणाचा खरा काळ मार्गशीर्ष ते माघ हा आहे, कारण तेव्हा सोयाबीन घरात आलेले असते, घाम नसतो, आणि लांब बाह्यांचा सदरा अंगाला नकोसा होत नाही. घाटावरच्या बुलढाणा-चिखलीकडे वैशाखातही एक वेळ निभावेल. घाटाखाली नांदुरा-शेगावच्या उन्हात ताजे गोंदण बाळगणे म्हणजे हाताने ओढवून घेतलेली आपत्ती होय.

पहिला दिवस

काम संपल्यावर गोंदणारा त्यावर दोनपैकी एका प्रकारचे आवरण घालतो, आणि बहुतेक घोटाळा या दोहोंतील भेद न समजल्यामुळे होतो. पहिला प्रकार स्वयंपाकघरातील पातळ प्लास्टिकचा. ते केवळ घरी पोहोचेपर्यंतच्या धुळीसाठी असते. दोन ते चार तासांत काढलेच पाहिजे, आणि पुन्हा गुंडाळू नये, कारण त्याखाली घाम, लस व रक्त साचून जंतूंना उबदार घर मिळते. दुसरा प्रकार दवाखान्यात जखमेवर लावतात तशा चिकट पारदर्शक पापुद्र्याचा. तो चोहोबाजूंनी घट्ट बसला असेल तर तीन ते पाच दिवस राहू शकतो. मात्र कड सुटली, आतील पाणी बाहेर झिरपू लागले, अथवा भोवती पुरळ उठले तर मुदतीची वाट न पाहता काढावा. काढताना तो वर उचलून ओढू नये. कोमट पाण्याखाली धरून त्वचेला समांतर ताणत हळूहळू सोडवावा.

हात साबणाने धुतल्याशिवाय गोंदणाला बोट लावू नये, स्वतःचेसुद्धा. घरातील प्रत्येक जण ‘पाहू’ म्हणून बोट फिरवतो. त्यांस नम्रपणे दुरूनच पाहण्यास सांगावे.

धुण्याचे पाणी

येथे थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात न येणारी गोष्ट आपल्याकडे मुख्य आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूची अनेक गावे खारपाणपट्ट्यात मोडतात आणि तेथील विहिरी व बोअर यांच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण मोठे असते.

माझ्या नात्यातील एका मुलाने मनगटावर त्रिशूळ गोंदवला. घर नांदुरा तालुक्यात. मायलेक दोघेही काळजी घेणारे. आई रोज बोअरचे पाणी पातेल्यात खळखळा उकळी, निववी, आणि त्याने मुलाचा हात धुई. आठव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्वचा करकरीत कोरडी पडून तडकली होती आणि आकृतीवर फिकट पांढुरकी साय धरलेली दिसत होती. तसाच पांढरा थर त्या पातेल्याच्या काठाला होता. उकळल्याने जंतू मरतात, बहुतेक क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते तसतसा त्यांचा अंश वाढतो. शिवाय जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, तो पुरता निघतही नाही, आणि त्याचा चिकट अवशेष जखमेवर बसून आग व खाज वाढवतो. या बाईंच्या कष्टांत तिळमात्र उणीव नव्हती. पाणी चुकीचे होते. पिण्याच्या जारचे पाणी सुरू केल्यावर चार दिवसांत त्वचा मऊ पडली.

तेव्हा आपला परिपाठ असा ठेवावा:

- खारपाणपट्ट्यात राहत असाल तर गोंदण धुण्यापुरते फिल्टरचे अथवा गोड्या पाण्याच्या नळयोजनेचे पाणी वेगळे ठेवावे. एका वेळेस दोन तांबे पुरतात. पाण्याच्या स्वच्छतेविषयी शंका असल्यास हे गोडे पाणी उकळून निववावे.
- सकाळ-संध्याकाळ दोनदा धुवावे. काम धुळीचे असेल तर तिसऱ्यांदा. साबण सौम्य व बिनवासाचा असावा आणि तो तळहातावर फेसाळून बोटांनी लावावा. वडी जखमेवर घासू नये. काथ्या अगर घासणीचे नाव काढू नये.
- उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका देण्याइतके तापते. ते टाळावे.
- तांब्याने पाणी ओतून स्नान करण्यास हरकत नाही. परंतु शरीर पाण्यात बुडेल असे स्नान तीन ते चार आठवडे वर्ज्य समजावे. मग ती गावची विहीर असो, पूर्णेचे पात्र असो, पोहण्याचा तलाव असो की लोणारची धार.
- पुसण्यास घरातला सामाईक टॉवेल अथवा खांद्यावरचा गमछा घेऊ नये. धुऊन उन्हात वाळवलेले जुने सुती फडके घ्यावे आणि टिपून घ्यावे, पुसू नये.

मलम: कोणते व किती

बहुतेकांची चूक मलम कमी लावण्याची नसते, अति लावण्याची असते. तळहाताएवढ्या गोंदणाला वाटाण्याएवढे मलम पुरे; लावल्यावर त्वचा चकाकली पाहिजे, चिकट होता कामा नये. पहिले दोन-तीन दिवस पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात चालेल, परंतु तद्नंतर बिनवासाचे, पाण्याचे प्रमाण अधिक असलेले साधे लोशन अधिक इष्ट, कारण आपल्या उकाड्यात तेलकट थराखाली घाम कोंडतो आणि बारीक पुळ्या उठतात.

हळदीविषयी आजीबाईंचा रोष पत्करून लिहितो. हळद गुणकारी असेल. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण ओल्या जखमेत रुततात, आणि तिच्या पिवळेपणाखाली लाली किंवा पू दिसत नाही. हाच न्याय चुना, तंबाखू, राख, तुरटी, टूथपेस्ट व कच्च्या कोरफडीच्या गराला लावावा. खोबरेल पहिल्या पंधरवड्यात नको; पुढे लावावयास कोणाची ना नाही.

मात्र घरच्या हळदीपेक्षा मला भय वाटते ते मेडिकलमधून विनाचिठ्ठी मिळणाऱ्या गजकर्णाच्या मलमांचे. त्यांतील पुष्कळांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांची खिचडी असते. लावताच खाज थांबते, म्हणून रुग्ण खूष होतो. आत मात्र जखम भरण्याचे काम मंदावते, त्वचा पातळ पडते, आणि संसर्ग असेल तर तो गुपचूप वाढतो. डॉक्टरांनी नाव लिहून दिल्याशिवाय असली नळी घरात आणू नये.

खपली आणि खाज

पहिले दोन-तीन दिवस गोंदण लालसर, किंचित सुजलेले व गरम असते. त्यातून पाण्यासारखी लस आणि थोडी शाईही येते. उशीच्या अभ्र्यावर आकृती उमटलेली पाहून घाबरू नये, शाई वाहून गेलेली नसते. चौथ्या दिवसानंतर कोरडे रंगीत पापुद्रे सुटू लागतात आणि खाज सुटते. हा काळ संयमाचा आहे. खपली नखाने काढली तर तिच्याबरोबर खालची शाई येते आणि तेथे कायमची पांढरी खिंड राहते. खाज असह्य झाली तर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला थंड पाण्याचा पेला जवळ टेकवावा, अथवा तळहाताने हलकेच थोपटावे. तिसऱ्या आठवड्यात रंग धुरकट, मेणचट दिसतो व मालकाची निराशा होते. तो नव्या कातडीचा पडदा आहे, महिन्या-दीड महिन्यात निवळतो. आतील थर पूर्ववत होण्यास तर कित्येक महिने लागतात.

शेत, ऊन आणि रंग

शहरी मार्गदर्शनात ‘घाम टाळा’ एवढे दोन शब्द असतात. ज्याची कपाशी फुलावर आली आहे त्याने घाम टाळावा कसा? तरी काही गोष्टींना पर्याय नाही.

फवारणी किमान तीन आठवडे स्वतः करू नये. फाटलेल्या त्वचेतून कीटकनाशक शरीरात अधिक सुलभतेने शिरते, आणि २०१७ साली आपल्या वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जे बळी गेले ते विसरण्याजोगे नाहीत. शेणाची पाटी, गोठ्याची झाडलोट, सोयाबीनच्या मळणीचा भुसा व बांधावरचे गाजरगवत यांपासूनही तो हात दूर ठेवावा. गाजरगवताने धडधाकट त्वचेलाही पुरळ येते. कामावर जाणे भागच असेल तर सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा आणि परतताच प्रथम गोंदण धुवावे, चहा नंतर.

ऊन कपड्यानेच अडवावे. उन्हापासून बचावाची क्रीम जखम पुरती मिटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे लावू नये. पुढे मात्र रंग टिकावा अशी इच्छा असेल तर जन्मभर लावावी.

पिंपळगाव सराईची सैलानी बाबांची यात्रा होळीच्या सुमारास भरते, आणि त्याच दिवसांत रंग, गर्दी व धूळ यांचा कहर असतो. यात्रेस जाण्याचे ठरले असेल तर गोंदण महिनाभर आधी उरकावे, नाहीतर यात्रेनंतर. त्या पाच-सहा दिवसांतला सुवर्णमध्य मला ठाऊक नाही.

दवाखाना केव्हा गाठावा

सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, हे ध्यानात ठेवून डोळ्यांबरोबर हाताच्या पालथ्या बाजूने उष्णताही तपासावी. पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत दिवस दवडू नये:

- तिसऱ्या दिवसानंतर ओसरण्याऐवजी वाढणारी सूज, ठणका, उष्णता, अथवा त्वचेचा जांभळट-काळपट पडणारा रंग;
- पिवळा-हिरवा पू, दुर्गंध, ताप, हुडहुडी, काखेत अगर जांघेत गाठ;
- गोंदणापासून वर चढत जाणारी रेघ. यात त्याच दिवशी दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये;
- काही आठवड्यांनी उठलेल्या, साध्या औषधाला न जुमानणाऱ्या गाठी. अथवा केवळ लाल रंगाच्या भागावर फुगवटा व खाज. लाल शाईची ॲलर्जी कधी कधी वर्षांनंतरही उद्भवते;
- ओठ-चेहऱ्यावर एकाएकी सूज व श्वास कोंडणे. यात विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बुलढाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय येथे दाखवण्यात संकोच कसला? ‘गोंदवलेच कशाला’ असे कोणी खेकसले तर ऐकून घ्यावे आणि उपचार घेऊनच उठावे. धनुर्वाताची लस मागील दहा वर्षांत झाली नसेल तर तीही विचारावी.

सुई दुसऱ्यावर वापरलेली होती असा संशय असल्यास मात्र प्रकरण निराळे. एचआयव्ही-प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच कामाची, आणि जितकी लवकर तितकी बरी. म्हणून लाज बाजूस ठेवून थेट शासकीय रुग्णालय गाठावे. कावीळ-ब ची लस पूर्वी घेतली नसल्यास तिचाही विषय तेथेच काढावा. तेथील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. पहिली तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये, डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा करावी. पुढील काही महिन्यांत डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे असे घडले तर गोंदणाची तारीख डॉक्टरांस आवर्जून सांगावी.

पावती, तक्रार आणि भरपाई

पैसे देऊन घेतलेले गोंदण ही कायद्याच्या भाषेत ‘सेवा’ आहे, आणि तीत हयगय झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आपणांस घेता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज स्वतः देता येतो, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. विशेष सोयीची गोष्ट ही की गोंदण पुण्यात किंवा नागपुरात घेतले असले तरी आपण बुलढाणा जिल्ह्यात राहत असाल तर अर्ज येथेच दाखल करण्याची मुभा आहे. अर्जापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घ्यावा.

अडचण असते ती पुराव्याची. पावती मागितली की ‘भाऊ, आपल्यात कसली पावती’ असे उत्तर मिळते. अशा वेळी रक्कम रोख न देता मोबाईलवरून द्यावी, म्हणजे तारीख व नाव आपोआप नोंदले जाते. पहिल्या दिवसापासून रोज एक छायाचित्र काढावे, आणि रुग्णालयाचा केसपेपर जपावा. वयाची १८ वर्षे पूर्ण न झालेल्याचा करार कायद्याने ग्राह्य नसतो, सबब अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीवाचून गोंदणाऱ्या इसमाने ‘त्यानेच मागितले’ ही सबब पुढे करू नये.

रक्तदान व भरती

गोंदणानंतर रक्तदान १२ महिने करता येत नाही. शिबिरात विचारले असता लपवू नये. आणि पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांसाठी: सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू एवढीच जागा सर्वसाधारणपणे चालते, तर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सलामीच्या उजव्या हातावरील गोंदणाला हरकत घेतात आणि आकाराचीही मर्यादा असते. मानेवर किंवा दंडावर काही काढण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात वाचावी. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सैन्यात सवलत आहे.

राहता राहिली अपुरी रेघ भरून घेण्याची गोष्ट. कुठे रंग उडालेला दिसला तर सहा ते आठ आठवडे त्यास हात लावू नये, कारण तोवर खरे किती उडाले हे कळतच नाही. नंतर जावे, नवे पाकीट समोर फोडून घ्यावे, आणि घरी परतल्यावर पुन्हा पहिल्या दिवसापासून, जारच्या दोन तांब्यांसह, सगळे पथ्य पाळावे.